परसांतला परदेशी पाहुणा

बोईसर स्टेशनावर उतरून पश्चिमेस तारापूरच्या रोखानें निघालें, कीं एकीकडे कारखान्यांची वसाहत आणि दुसरीकडे नारळाच्या व चिकूच्या वाड्या अशीं दोन जगें एकमेकांस लागून असलेलीं दिसतात. या वाड्यांच्या परसांत कोंबडी घरच्या माणसासारखी वावरते. वारल्यांच्या पाड्यावर ती देवाच्या नवसाला लागते, आणि पाहुणा आला म्हणजे यजमानाची दृष्टि प्रथम तिच्याकडे वळते. अशा परसांत एखाद्या हौशी गृहस्थानें टर्की पक्ष्यांची जोडी आणून सोडली, तर शेजारचीं मुलें कुंपणाशीं गोळा झाल्याशिवाय राहत नाहींत. डोकें आणि मान पिसांवांचून उघडी, गळ्याखालीं लोंबणारी तांबडी कातडी, चोंचीवरून घसरणारी मांसल सोंड, आणि रागावतांच मोरासारखी पसरणारी शेपटी! हा कोण, कोठला, असा पहिला प्रश्न. याला सांभाळावें कसें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत आहे; पण दुसऱ्याचेंही बरेंचसें उत्तर तेथेंच सांपडतें.

या पक्ष्याच्या नांवापासूनच घोटाळ्याला सुरुवात होते. इंग्रजांनीं त्याला 'टर्की', म्हणजे तुर्कस्थानचा, असें म्हटलें. खुद्द तुर्क लोक मात्र त्याला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंच भाषेंतील त्याच्या नांवाचा मूळ अर्थ 'हिंदचा' असाच होतो, आणि पोलंडमधील 'इंदिक' हा शब्दही त्याच वळणाचा आहे. डच लोकांनीं तर गांवाचेंच नांव घेतलें. त्यांच्या भाषेंतील 'काल्कून' म्हणजे कालिकतचा कोंबडा. मलायी लोकांनीं त्याची परतफेड केली आणि त्याला 'आयाम बलांदा', म्हणजे डचांचा कोंबडा, असें नांव दिलें. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. प्रत्येकानें या पाहुण्याचें माहेर दुसऱ्याच्या दारांत दाखविलें. त्यांतल्या त्यांत पोर्तुगीज सत्याच्या जवळ गेले. त्यांनीं देश चुकविला, पण खंड बरोबर सांगितलें.

या घोटाळ्याला कारण होतें. सोळाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत हा पक्षी आला तेव्हां आफ्रिकेंतील गिनी कोंबडी तेथें ओळखीची झाली होती, आणि ती तुर्की साम्राज्यांतील व्यापाऱ्यांच्या हातून येत असे. दोन्ही पक्षी लोकांनीं एकाच नांवाखालीं घातले. दुसरें असें, कीं १४९२ सालीं कोलंबस अमेरिकेस पोंचला तो हिंदुस्थानास पोंचलों अशा समजुतीनें. म्हणून त्या नव्या भूमीलाही कित्येक वर्षें 'इंडीज' असेंच म्हणत. त्यामुळें अमेरिकेचा पक्षी नांवापुरता हिंदुस्थानचा ठरला, आणि खऱ्या हिंदुस्थानानें तो पाहिलाही नव्हता.

मराठी माणसाला यांत आणखी एक गंमत आढळेल. उत्तरेकडील हिंदुस्तानी बोलींत 'पेरू' म्हणजे हा पक्षी, असें १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रख्यात कोशांत नोंदलें आहे. मराठींत मात्र पेरू म्हणजे फळ. तें फळही अमेरिकेचेंच, आणि पोर्तुगीजांच्याच काळांत इकडे आलेलें. एकाच किनाऱ्यानें दोन पाहुणे आले. उत्तरेनें तें नांव पक्ष्याला दिलें, महाराष्ट्रानें फळाला.

खरें माहेर मेक्सिको. तेथील लोकांनीं रानांतला हा पक्षी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं माणसाळविला. ग्वाटेमालाच्या अरण्यांतील प्राचीन माया नगरांच्या अवशेषांत या मेक्सिकन जातीचीं हाडें मिळालीं आहेत, आणि तीं ख्रिस्तपूर्व ३०० ते इ. स. १०० या काळांतील ठरलीं आहेत. त्या प्रदेशांत ही जात रानांत होत नाहीं; अर्थात् ती माणसानेंच तेथें नेली होती. आजच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागांतील लोकांनींही तो स्वतंत्रपणें पाळीव केला, असें अलीकडील रक्तपरंपरेच्या संशोधनावरून दिसून आलें आहे. आझ्टेक लोकांच्या बाजारांत तो विकला जाई, त्यांच्या देवकथांत त्याला स्थान होतें, आणि त्याच्या पिसांचीं पांघरुणें होत. १५२१ सालीं कोर्तेसनें आझ्टेकांची राजधानी घेतली, त्याच्या आगेंमागेंच स्पॅनिश गलबतांतून हा पक्षी स्पेनमध्यें उतरला. पुढें थोड्याच दशकांत तो युरोपभर पसरला, आणि सतराव्या शतकांत इंग्रज वसाहतवाल्यांनीं तोच पाळीव पक्षी पुन्हां समुद्र ओलांडून उत्तर अमेरिकेंत नेला.

येथें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच, कीं हा पक्षी उंच, कोरड्या, मोकळ्या हवेच्या प्रदेशांत माणसाळला. पालघरच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. या एका फरकांत टर्कीपाळणाऱ्याच्या निम्म्या अडचणी सांठविलेल्या आहेत.

हिंदुस्थानांत या पक्ष्याच्या आगमनाची जी नोंद इतिहासांत सर्वांत प्रसिद्ध आहे, ती जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रांतील होय. सुरत आणि खंबायत येथील बंदरांचा कारभार मुकर्रबखान नांवाच्या सरदाराकडे होता. त्यानें गोव्यास जाऊन दुर्मिळ वस्तू खरेदी कराव्या, अशी बादशहाची आज्ञा झाली. फिरंग्यांनीं मागितलेली किंमत देऊन त्यानें खरेदी केली, आणि १६१२ सालीं तो ती घेऊन दरबारांत आला. त्या वस्तूंत कांहीं अपूर्व प्राणी होते, आणि त्यांत हा पक्षी होता.

जहांगीरानें केलेलें त्याचें वर्णन आजही एखाद्या प्राणिशास्त्रज्ञास शोभेल असें आहे. अंगानें हा लांडोरीहून मोठा पण मोराहून लहान. माजावर आला म्हणजे मोराप्रमाणें पिसें पसरून नाचतो. डोकें, मान आणि गळा यांचा रंग घडोघडी पालटतो, क्षणांत पोवळ्यासारखा लाल, क्षणांत कापसासारखा पांढरा, क्षणांत पिरोजासारखा निळा. डोक्यावरील मांसाचा तुकडा एरवीं गेंड्याच्या शिंगासारखा आखूड उभा असतो, तो माजावर असतांना हत्तीच्या सोंडेसारखा वीतभर लोंबतो. यांतील प्रत्येक गोष्ट खरी आहे. रंग पालटतो तो कातडीखालील रक्तवाहिन्या आकुंचन-प्रसरण पावल्यामुळें. आणि आजही जाणता पाळणारा पक्ष्याच्या डोक्याच्या रंगावरूनच तो भ्यालेला आहे, रागावलेला आहे कीं आजारी आहे, हें ओळखतो.

आपला पणजोबा बाबर यानें अनेक प्राण्यांचीं वर्णनें लिहिलीं, पण चित्रकारांकडून तीं रेखाटून घेतलीं नाहींत, ही उणीव जहांगीराला जाणवली होती. म्हणून त्यानें या प्राण्यांचीं चित्रें काढविलीं. उस्ताद मन्सूर यानें काढलेलें टर्कीच्या नराचें चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट वस्तुसंग्रहालयांत आहे. त्यांतील एकेक पीस मोजून घ्यावें असें आहे. मेक्सिकोच्या पक्ष्याचें, गोव्याच्या बाजारांतून आलेलें, मोगल चित्रकाराच्या हातचें हें रूप पाहिलें म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभींच जग किती जवळ आलें होतें याची कल्पना येते.

पालघर-तारापूरचा किनारा या कथेच्या बाहेर नाहीं. गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांस दिली, १५५९ सालीं त्यांनीं दमण घेतलें, आणि या दोहोंमधील माहीम, तारापूर, डहाणू हीं ठिकाणें त्यांच्या उत्तर प्रांतांत मोडूं लागलीं. गोव्याहून खंबायतेस जाणारे व्यापारी तांडे पोर्तुगीज लढाऊ जहाजांच्या पहाऱ्याखालीं याच किनाऱ्याच्या कडेनें जात. ज्या मार्गानें अमेरिकेचीं मिरची, काजू, अननस, पेरू हीं इकडच्या बाजारांत आलीं, तो हा मार्ग. दरबारीं भेटी पोंचल्यावरही सख्य टिकलें नाहीं. पुढच्याच वर्षीं, १६१३ त, बादशहाच्या आईचें 'रहीमी' हें जहाज पोर्तुगीजांनीं पकडलें, आणि दमणच्या बाजूस मोगल फौजा चालून आल्या. त्यानंतर सव्वाशें वर्षांनीं मराठ्यांनीं हा सारा प्रांत मोकळा केला. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी आप्पांनीं तारापूरचा किल्ला घेतला, त्या लढाईंत बाजी भीवराव पडले, आणि मे महिन्यांत वसईनेंही हात टेकले.

पोर्तुगीज गेले, पण त्यांच्याबरोबर आलेलीं झाडें राहिलीं. १८१८ नंतर इंग्रजी अंमल स्थिर झाला. साहेब लोकांच्या घरीं नाताळच्या मेजवानीस भाजलेली टर्की हवी असे, म्हणून मोठ्या शहरांच्या आसपास हा पक्षी वाढविण्याचा उद्योग चाले. तरीसुद्धां तो इकडच्या खेड्यांत कधीं रुजला नाहीं. आज हिंदुस्थानांत टर्कीचे कळप आहेत ते मुख्यतः केरळ, तामिळनाडू आणि उत्तरेकडील कांहीं भागांत, आणि कोंबड्यांच्या मानानें त्यांची संख्या नगण्य आहे.

याच्या उलट उदाहरण डहाणू-घोलवडच्या चिकूचें घ्यावें. चिकूचें माहेरही मेक्सिको आणि मध्य अमेरिका. 'चिकू' हा शब्दही आझ्टेकांच्या भाषेंतूनच निघाला आहे. पण तो येथें असा रुजला, कीं २०१६ सालीं त्याला भौगोलिक मानांकन मिळालें, आणि पालघर जिल्ह्याचें नांव निघतांच तो आठवावा अशी त्याची ख्याति झाली. एकाच देशाचे दोन पाहुणे. एक घरचा झाला, दुसरा ओसरीवरच राहिला. असें कां व्हावें? झाडाला माती मानवली. पक्ष्याला मात्र तीच माती वैरीण ठरते.

तें वैर कसें, हें शास्त्रज्ञांस समजण्यास बराच काळ लागला. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड प्रांतांत टर्कीचे कळपच्या कळप मरूं लागले, तेव्हां थिओबाल्ड स्मिथ या संशोधकानें १८९५ सालीं त्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. लोक त्याला 'काळें डोकें' म्हणत, जरी डोकें प्रत्येक वेळीं काळें पडत नाहीं. पक्षी मरगळतो, पंख लोंबतात, विष्ठा गंधकासारखी पिवळी होते, आणि यकृतावर गोल डाग पडतात. रोगाचें मूळ म्हणजे एक सूक्ष्म जीव. आणि तो पसरतो कोंबडीच्या आंतड्यांतील एका बारीक जंताच्या अंड्यांतून, हें १९२० च्या सुमारास सिद्ध झालें. कोंबडी स्वतः बहुधा धडधाकट राहते. तिच्या विष्ठेंतून पडलेलीं जंताचीं अंडीं मातींत वर्षानुवर्षें जिवंत राहतात. गांडुळें तीं गिळतात, आणि टर्की त्या गांडुळांवर ताव मारते.

आतां तारापूरच्या बाजूची एखादी वाडी डोळ्यांपुढें आणावी. आषाढाची ओली, काळी, गांडुळांनीं भरलेली जमीन. आणि त्याच जमिनीवर पिढ्यान् पिढ्या चरत आलेल्या गांवठी कोंबड्या. याहून अधिक घातक अंगण टर्कीला मिळणें कठीण. हौसेनें आणलेलीं पिलें पहिल्या पावसाळ्यांतच कां जातात, याचें उत्तर नजर लागण्यांत नसून येथें आहे. म्हणून टर्कीपालनाचा पहिला नियम असा, कीं कोंबडी आणि टर्की एका जागेंत ठेवूं नयेत, आणि ज्या जमिनीवर अलीकडे कोंबड्या होत्या ती टर्कीला देऊं नये. संयुक्त संस्थानांत या रोगावर मान्यता असलेलें शेवटचें औषध २०१५ च्या अखेरीस बाजारांतून काढून घेण्यांत आलें. तेव्हां औषधाच्या भरंवशावर हा नियम मोडण्याची सोय राहिलेली नाहीं.

या नियमांत एक पेंच आहे. टर्कीचें पिलूं जन्मतः मंद असतें. कोंबडीचें पिलूं अंड्यांतून निघतांच टिपूं लागतें. टर्कीचें पिलूं दाण्यांनीं भरलेल्या थाळीशेजारीं उपाशी मरतें, कारण दाणा कोणता हेंच त्याला उमगत नाहीं. पूर्वींचे लोक म्हणून टर्कीचीं अंडीं गांवठी कोंबडीखालीं उबवीत. ती मायाळू दाई पिलांस टिपावयास शिकवी, पांघरूण घाली, आणि नकळत तोच रोगही देई. जी शिकविते तीच मारते, असा हा प्रसंग होता.

आज त्याला तोड निघाली आहे. अंडीं यंत्रांत अथवा टर्कीच्याच मादीखालीं उबवावीं. कोंबडीला २१ दिवस पुरतात, टर्कीला २८ लागतात. पिलें निघाल्यावर दाण्याच्या आणि पाण्याच्या भांड्यांत चकचकीत रंगीत गोट्या टाकाव्या. पिलूं त्यांवर चोंच मारतें आणि त्या निमित्तानें खाणें-पिणें शिकतें. हिरवा रंग त्यांस आवडतो, म्हणून पाला बारीक चिरून दाण्यावर पसरावा. पहिले पंधरा दिवस दहा पिलांमागें एक उकडलेलें अंडें कुस्करून द्यावें, आणि लिटरभर पाण्यांत १०० मिलिलिटर दूध मिसळावें, असें तामिळनाडूंतील कृषिविद्यापीठाचें मार्गदर्शन आहे. आरंभींच्या खाद्यांत प्रथिनांचें प्रमाण शेंकडा २८ च्या आसपास लागतें. कोंबडीच्या पिलांचें खाद्य याहून बरेंच हलकें असतें. केवळ तेंच घातल्यास टर्कीचीं पिलें दुबळीं राहतात.

अन्नाइतकीच ऊब महत्त्वाची. पहिल्या आठवड्यांत पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारें ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी, आणि दर आठवड्यास ती तीन अंशांनीं उतरवावी. उष्णतामापक नसला तरी पिलेंच सांगतात: दिव्याखालीं दाटी करून ओरडूं लागलीं तर थंडी आहे, दिव्यापासून दूर पळून धापा टाकूं लागलीं तर उकाडा आहे, सारखीं पसरून निजलीं तर सर्व ठीक आहे. खालीं भाताचें तूस दोन इंच पसरावें. पालघर हा भाताचा मुलूख असल्यामुळें त्याची वाण नाहीं. पण तें रोज चाळवावें, आणि ओलें झालेलें तत्काळ काढून टाकावें.

पावसाकडे तोंड वर करून टर्की बुडून मरते, अशी एक कथा सर्वत्र सांगतात. ती खोटी आहे. खरी गोष्ट साधी आहे. लहान पिलाच्या लवेला पाणी अडवितां येत नाहीं. तें भिजतें, गारठतें आणि मरतें. म्हणून कोंकणपट्टींत पिलें काढावयाचीं तीं दिवाळीनंतर, कीं पावसाळा येईपर्यंत त्यांच्या अंगावर पक्कीं पिसें यावीं. घर जमिनीपासून उंच, वळचण रुंद, आणि वाऱ्याला मोकळें असावें. मोठ्या पक्ष्यास बंदिस्त जागेंत निदान चार ते पांच चौरस फूट लागतात. डांसांच्या दिवसांत देवीचा रोग पसरतो. त्याची आणि मानमोडीची लस पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळेवर टोंचून घ्यावी. २०२२ च्या फेब्रुवारींत शेजारच्या शहापूर तालुक्यांत आणि पाठोपाठ वसई-विरारकडे बर्ड फ्लू आढळला होता. टर्की या रोगाला फार लौकर बळी पडते. तेव्हां पक्षी एकाएकीं मरूं लागले, तर ते गुपचूप पुरून न टाकतां पशुसंवर्धन खात्यास कळविणें हें आपल्या परसापुरतें काम नसून गांवाचें काम आहे.

एवढें सांभाळलें म्हणजे मोठा झालेला पक्षी काटक आणि समाधानी असतो. तो गवत, पाला, टोळ, नाकतोडे आवडीनें खातो. मादी सुमारें तीस आठवड्यांनीं अंडीं देऊं लागते, आणि बहुतेक अंडीं दुपारनंतर घालते. म्हणून गोळा करावयास सायंकाळीं जावें. पांच माद्यांस एक नर पुरे. नर माजावर असतांना लहान मुलांवर धांवून जातो, त्यापासून मुलांस जपावें. उष्ण हवेंत भारी जातींपेक्षां अमेरिकेंतील बेल्ट्सव्हिल येथें तयार झालेली लहान पांढरी जात अधिक सोसते.

जहांगीरानें हा पक्षी पाहिला तो केवळ नवल म्हणून नव्हे. त्यानें त्याची सोंड किती बोटें वर उठते, डोळ्यांभोंवतींचा रंग पालटतो कीं नाहीं, हेंही पाहिलें. पुढें तीनशें वर्षें ज्यांनीं त्याला हौसेनें अगर मेजवानीसाठीं आणलें, त्यांनीं इतकें पाहिलें नाहीं. आणि त्याची किंमत पिलांनीं दिली. परसांत नवा जीव आणणाऱ्या कुटुंबानें जोडी विकत घेण्यापूर्वीं आपल्या अंगणांत पूर्वीं कोण चरत होतें, पाणी कोठें साचतें, आणि श्रावणांत मध्यरात्रीं दिवा विझला तर उठून तो लावणारें घरांत कोण आहे, याचा विचार करावा. या तीन प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर मेक्सिकोचा हा पाहुणा तारापूरच्या वाडींतही सुखानें नांदेल. नसतील, तर चिकूचें आणखी एक कलम लावावें, हेंच बरें.